पेन्शनच्या फाइलमधली माझी सवत

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, माझं माहेरचं नाव गोंदलेलं आहे. मी सहा-सात वर्षांची असताना आईनं गावच्या जत्रेत ते गोंदवून घेतलं. गर्दीत पोर चुकलं तर कुणाचं ते कळावं, एवढाच हेतू. मी चुकले नाही. पण चुकले असते तर कुणी विचारूनही मी तोंड उघडलं नसतं, हे आईला माहीत होतं.

शाळा चौथीपर्यंत झाली. गुरुजींनी सही करायला शिकवली ती त्याच नावाची. पाटीवर शंभर वेळा गिरवून घेतली. त्यानंतर बरीच वर्षं सही करायचा प्रसंग आला नाही, पण हात विसरला नाही.

आमच्या सातारा भागात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझं नवं नाव सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते लिहिलं. मी मान खाली घालून वाचलं. तांदूळ परत डब्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला. पुढे दोन-तीन महिने त्या नावानं हाक मारली की मला ओ द्यायचं सुचत नसे. सून कानानं अधू आहे असा सासूबाईंचा समज झाला आणि त्या माझ्याशी मोठ्यानं बोलू लागल्या. त्या गेल्या तोपर्यंत तशाच बोलत होत्या.

मालक फौजेत गाडी चालवायचे. लग्न ठरल्यावर त्यांनी सुट्टीसाठी अर्ज केला, त्यात होणाऱ्या बायकोचं नाव लिहिलं. ते माझं माहेरचं. लग्न झाल्यावर क्वार्टरसाठी अर्ज केला, त्यात बायकोचं नाव लिहिलं. ते माझं सासरचं. दोन्ही वेळा त्यांनी खरंच लिहिलं होतं. दोन्ही कागद एकाच फाइलला लागले. ती फाइल पुढे नोकरी संपेपर्यंत आमच्या बरोबर देशभर फिरली आणि बहुतेक वेळा आमच्या आधी पोचली. ती उघडून कुणी बघितली नाही.

शेवटचं पोस्टिंग चंडीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीत झालं. हवालदार म्हणून रिटायर झाल्यावर मालकांना चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात एका नटबोल्टच्या कारखान्यात गेटवर काम मिळालं. आम्ही शहराला लागूनच मनीमाजऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तेव्हा पंजाबात रोज माणसं मारली जात होती. चौकाचौकात नाके, संध्याकाळी सहाला बाजार बंद, बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं. गावाहून दीर लिहायचे, परत या. मालक उत्तर लिहायचे, इथं नळाला रोज पाणी येतं. दीर पुन्हा लिहायचे, जिवापेक्षा पाणी मोठं का. मालक लिहायचे, दोन वेळा येतं.

अशात सरकारनं पेन्शनची पद्धत बदलायला घेतली. मालक रेडिओला कान लावून बसायचे आणि मग मला समजावून सांगायचे. मला जेवढं कळलं ते असं. आधी पेन्शन नवऱ्याच्या नावानं असे. तो गेला की बायकोला पहिल्यापासून सगळं सिद्ध करावं लागे, ती कोण, तो कोण, त्यांचं लग्न झालं होतं का, आणि तो नक्की मेला का. आमच्या लायनीत, म्हणजे फौजी क्वार्टरांच्या रांगेत, नाईक हुद्द्याच्या एका जवानाची बायको होती. तिच्या नवऱ्याला युनिटनंच खांदा देऊन पोचवलं होतं, तरी तो मेला आहे असं तिला सहा वेळा लिहून द्यावं लागलं. तोवर ती आमच्याच लायनीत लोकांची भांडी घासत होती. आता नव्या पद्धतीत नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव, दोघांचा एकत्र फोटो, तिची सही आणि अंगावरची खूण, सगळं पेन्शनच्या पुस्तकात लागणार होतं. नवरा गेला की तेच पुस्तक पुढे चालू. विधवांना त्रास होऊ नये म्हणून हे केलं होतं.

मालकांच्या छातीत त्या हिवाळ्यात एकदा कळ येऊन गेली होती. चार दिवस मोठ्या हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर पहिलं हेच म्हणाले.

"तुझं नाव एकदा पुस्तकात लागू दे. मग मी सुटलो."

"कुठं सुटलात?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? तसं नव्हं गं. काळजीतनं."

मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या स्टुडिओत आम्ही फोटो काढायला गेलो. मागे पडद्यावर तळं रंगवलेलं होतं आणि तळ्यात होडी. फोटोवाला सारखा पुढे येऊन मला मालकांच्या बाजूला सरकवायचा आणि तो मागे गेला की मी परत होते तिथं यायची.

"हवलदार साब, मुस्कुराओ थोड़ा," तो म्हणाला. "पेंशन मिल रही है, सज़ा नहीं."

मालक हसले नाहीत. फौजेत फोटोत हसायची पद्धत नव्हती. त्या फोटोत आम्ही दोघं काश्मीरला गेल्यासारखे दिसतो. मालकांचं तिथं दोनदा पोस्टिंग झालं होतं. मला नेता आलं नव्हतं.

फॉर्म मालकांनी भरला. बायकोचं नाव म्हणून सासरचं लिहिलं. खूण म्हणून लिहिलं, डाव्या हातावर गोंदलेलं नाव. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हितं सही कर." मी केली. मला एकच सही येत होती, तीच केली. मालकांनी ती बघितली नाही. त्यांनी शाई वाळवली, घडी घातली आणि पाकिटात टाकली.

चार महिन्यांनी पत्र आलं. इंग्रजीत होतं. मुलगी दहावीत होती, तिनं वाचलं. ती लहानपणापासून मराठी ऐकते आणि हिंदीत बोलते.

"पप्पा, इसमें लिखा है आपकी दो बीवियां हैं."

मालकांनी चहा खाली ठेवला.

"पहली वाली का पूछ रहे हैं. मर गई हो तो सर्टिफिकेट भेजो, तलाक हुआ हो तो कोर्ट का ऑर्डर. और अगर दोनों ज़िंदा हैं तो," तिनं पुढचं मनात वाचलं. "तो आप फंस गए." मग तिनं खाली वाकून हळूच विचारलं, "मम्मी को पता है?"

"मम्मी हितंच बसलीय," मालक म्हणाले.

पत्रात दोघींची नावं होती. पहिली, सुट्टीच्या अर्जातली. दुसरी, क्वार्टरच्या अर्जातली. नव्या फॉर्मवर दुसरीचा फोटो होता आणि पहिलीची सही. त्यामुळे पहिली जिवंत असून जवळपासच कुठेतरी राहते असा त्यांचा संशय होता. तो बरोबर होता. अशा रीतीनं लग्नाच्या इतक्या वर्षांनी मला कळलं की मला सवत आहे. ती मीच आहे हे मला कळत होतं, पण ते माझ्या कळण्यानं भागणार नव्हतं. पत्रात शेवटी लिहिलं होतं की हा उलगडा होईपर्यंत पत्नीचं नाव पुस्तकात लावता येणार नाही.

"अहो, माझ्या सहीनं झालं हे," मी म्हणाले.

"तुझ्या सहीनं काय, माझ्या आईच्या हौसेनं झालं," मालक म्हणाले. आणि मग छातीवर हात ठेवला. तो हात मी बघत राहिले.

चंडीगढला सतरा सेक्टरातल्या पेन्शनच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. आमची फाइल एका सरदारजी बाबूंकडे होती. पांढरी दाढी जाळीत नीट बसवलेली. येत्या वैशाखात ते स्वतः रिटायर होणार होते, त्यामुळे पेन्शनच्या कामात त्यांचा जीव होता.

"हवलदार साब, पहली वाली कहां है?"

"ये है," मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ये तो दूसरी है. फोटो में यही है."

"पहली भी यही है जी."

बाबूंनी चष्मा कपाळावर नेला. "फौज में कितने साल गाड़ी चलाई?"

"बाईस."

"सिर पे कभी चोट-वोट लगी?"

मालकांनी नाव बदलायची पद्धत समजावून सांगितली. ताट, तांदूळ, अंगठी, सगळं. बाबूंनी ऐकून घेतलं. मग फॉर्मवर बोट ठेवलं. "ये देखो. बाएं हाथ पे नाम गुदा हुआ. कौन सा नाम?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर मागे करून हात टेबलावर ठेवला. परक्या माणसापुढे हात असा उघडा ठेवायची माझी पहिलीच वेळ. बाबूंनी अक्षरं लावून वाचली. हिंदी त्यांना सावकाश वाचता येई, त्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं.

"ये तो पहली का नाम है," ते म्हणाले. थोडा वेळ विचार करून पुढे म्हणाले, "मतलब दूसरी ने अपने हाथ पे पहली का नाम गुदवाया है." त्यांनी मान हलवली. "बड़ी नेक औरत है."

मालक काही बोलणार होते, पण बाबू थट्टा करत आहेत की नाही याचा त्यांना अंदाज येईना. मलाही आला नाही. शेवटी बाबू म्हणाले, "मैं समझ गया जी. पर मेरे समझने से क्या होता है? फाइल नहीं समझती. कोई सरकारी कागज लाओ, जिसमें एक ही लाइन में दोनों नाम हों, और ऊपर मोहर हो. मैं एक दिन में कर दूंगा."

माझ्या दोन नावांची एक ओळ कुठेच नव्हती. लग्नपत्रिकेत पहिलं होतं, रेशनकार्डावर दुसरं. मालकांनी गावी दिरांना लिहिलं, सरपंचाचा दाखला पाठवा. मग वाट बघणं सुरू झालं. कधी कर्फ्यू, कधी टपाल बंद. मालक गेटवरच्या कामावरून आले की आधी दाराच्या फटीत बघायचे. पत्र नसलं की माझ्याकडे बघायचे, जणू काही मीच ते लिहायला उशीर करत होते. मी ज्वारीचं पीठ चाळत बसायची. नाईकाच्या बायकोचे हात मला आठवायचे. राखेनं तिची नखं पांढरी झाली होती.

दाखला आला त्याच आठवड्यात मालकांना दुसऱ्यांदा कळ आली. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं.

"मी जाते," मी म्हणाले.

मालकांनी आणि मुलीनं एकदमच माझ्याकडे बघितलं. मी एकटीनं कधी भाजीवाल्याशी भाव केला नव्हता. वजन होईल तेवढं घ्यायचं आणि यायचं.

"बोलशील काय तिथं?" मालकांनी विचारलं.

"कागद देईन."

"आणि त्यानं काय इचारलं तर?"

"परत कागद देईन."

मी जी थैली घेऊन निघाले ती मालकांच्या जुन्या फौजी पँटची शिवलेली होती. हिरवट रंग, तोंडाला पट्ट्याची बकल. मजबूत म्हणून मी ती वापरायची. आत घरच्या कागदांची फाइल, सरपंचाचा दाखला, फोटोची जादा प्रत आणि स्टीलचा डबा. डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी, कारण ऑफिसात दिवस जातो हे मालकांनी सांगितलं होतं. बसमध्ये कंडक्टर नेहमीचं ओरडला, लावारिस चीज़ को हाथ न लगाएं, पुलिस को बताएं. ते मी रोज ऐकत होते. बसस्टँडच्या भिंतीवर पोलिसांनी लावलेले फोटो होते, हवे असलेल्या माणसांचे. प्रत्येकाच्या खाली एक नाव, मग उर्फ, मग दुसरं नाव. कुणाकुणाला दोन-दोन उर्फ होते. मी तिथून भरभर चालत गेले.

ऑफिसच्या गेटवर वाळूच्या पोत्यांमागे जवान होते. एका पोलीसबाईनं मला चाचपलं, थैली वरवर दाबून बघितली आणि आत सोडलं. दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्यात बाक होता. मी कडेला बसले, थैली पायाशी ठेवली आणि मग कुणाच्या पायात येईल म्हणून बाकाखाली सरकवली.

दीड तासानं शिपाई दारात आला आणि त्यानं नाव पुकारलं. सासरचं. मी ओ देणार तोच त्यानं फाइलवर बघून दुसरं नावही पुकारलं. माहेरचं. आणि वर म्हणाला, "दोनों आ जाओ."

बाकावरची सगळी माणसं दोन बायका कुठून उठतात ते बघू लागली. मी एकटीच उठले. इतके डोळे बघून मला काही सुचेना. मी पळतच आत गेले. थैली बाकाखालीच राहिली.

बाबूंनी सत् श्री अकाल म्हटलं आणि हात पुढे केला. "लाओ बीबी, कागज़."

माझे दोन्ही हात रिकामे होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "ये थैला किसका है?" आणि मग खूप पावलं एकदम वाजली.

पाच मिनिटांत सगळं ऑफिस खाली आवारात होतं. बाबू आपल्या फाइली सोडून यायला तयार नव्हते, त्यांना दोघांनी दंडाला धरून आणलं. मी एका झाडाच्या मागे उभी राहिले. माझ्या अवतीभोवती लोक बोलत होते.

"फौजी रंग का है. बकल भी है."

"अंदर लोहे का डिब्बा है. मैंने खुद पैर लगाया तो बजा."

"दो औरतें थीं जी. दो नाम पुकारे. एक अंदर गई, दूसरी थैला रख के निकल गई."

एव्हाना पोलीस ठाण्याचे साहेब, थानेदार, येऊन पोचले होते; हे ऐकून त्यांनी गेट बंद करायला सांगितलं. दोन पोलीस दुसऱ्या बाईला शोधायला रस्त्यावर धावले. लोकांनी तिचं वर्णनही दिलं. उंच होती, घाबरलेली नव्हती. एकजण म्हणाला तिनं चष्मा लावला होता. माझी सवत एव्हाना माझ्यापेक्षा बरीच पुढे गेली होती.

दुसऱ्या मजल्यावर थैलीभोवती वाळूची पोती रचायचं काम चाललं होतं. एकजण लांब बांबूला आकडा बांधत होता. आकड्यानं ओढून खाली फेकतील किंवा तिथंच उडवून देतील, असं माझ्या शेजारचा माणूस सांगत होता. भाकरी गेली तर गेली. पण दाखला पुन्हा मागवायचा तर पुन्हा पत्र, पुन्हा कर्फ्यू, पुन्हा टपाल. तेवढे महिने मालकांजवळ असतील असं मला वाटत नव्हतं. हे मी तोवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. झाडामागे उभी राहून म्हटलं.

मग मी बोलायला गेले, पण आवाज येईना. दोनदा प्रयत्न केला. तेव्हा मी शाळेत करायची तसा हात वर केला. डावा. आणि तसाच वर धरून गर्दीतून पुढे गेले. लोक बाजूला झाले. हात वर केलेला माणूस दिसला की तेव्हा लोक बाजूला होत असत.

"क्या है?" थानेदार म्हणाले.

"थैली मेरी है."

"आपकी? तो वो दूसरी औरत कहां है?"

"मैं ही है," मी म्हणाले. माझं हिंदी असंच आहे.

"नाम?"

मी एक सांगितलं. मग पोलिसापुढे अर्धवट सांगणं बरं नव्हे म्हणून दुसरंही सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"दो नाम?"

"जी."

"किसने रखा दूसरा नाम?"

"सास ने."

मागे कुणीतरी हसलं. थानेदार हसले नाहीत. "अंदर क्या है?"

"कागद. फोटो. भाकरी और चटणी."

"भाकरी क्या होता है?"

हे मला सांगता येईना. मी दोन्ही हातांनी थापून दाखवलं. तेवढ्यात बाबू पुढे आले. "ओ जनाब, मैं जानता हूं इसको. मेरा केस है. वो दोनों औरतें यही है."

थानेदारांनी एकदा बाबूंकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "आप भी लिखित में दोगे?"

"दे दूंगा जी."

बांबूवाल्यानं आकड्यानंच थैली ओढली, जिन्यावरून खाली आणली आणि मोकळ्या जागेत तिचं तोंड उघडलं. डबा उघडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो मलाच उघडायला लावला. बाकी सगळे पोत्यांमागे बसले. मी झाकण काढलं. लसणाचा वास पोत्यांपर्यंत गेला असावा, कारण ते उठले. थानेदारांनी फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, मग माझा हात मागितला आणि गोंदलेलं नाव वहीतल्या नावाशी ताडून पाहिलं.

नियम असा होता की जप्त केलेली वस्तू ज्याची त्याला परत देताना कागद करायचा. त्यांनी उभ्यानंच, तोंडानं म्हणत म्हणत, तो उर्दूत लिहिला. एक थैली, हिरवी. एक डबा, स्टील. कागदपत्रं. ताब्यात घेणार, आणि तिथं माझं पहिलं नाव. मग जराही न थांबता त्यांनी उर्फ लिहिलं आणि पुढे दुसरं. त्यांच्या हाताला ती सवय असणार. मग खाली बोट ठेवून म्हणाले, सही.

मी नेहमीची सही केली. पेन परत देणार होते. मग काय वाटलं कोण जाणे, तिच्या खाली सासरचं नावही लिहिलं. जन्मात पहिल्यांदा. तांदळातलं आठवून आठवून लिहिलं, त्यामुळे अक्षर मालकांसारखं आलं. त्यांनी मोहर मारली. एक प्रत मला दिली.

वर गेल्यावर बाबूंनी आधी सरपंचाचा दाखला घेतला. बोट ठेवून वाचू लागले. सरपंचांनी मनापासून लिहिलं होतं, "सदर दोन्ही स्त्रिया एकच असून त्यांच्यात कोणताही वाद नाही."

"दोन्ही माने दोनों?" बाबूंनी विचारलं.

"जी."

"दोन्ही स्त्रिया. दोनों औरतें." त्यांनी दाखला खाली ठेवला. "ये तो सरपंच खुद मान रहा है कि दो हैं. इसको लगाया तो हवलदार साब अंदर जाएंगे."

इतके महिने ज्याची वाट बघितली तो कागद असा होता. मी थैली छातीशी धरून उभी राहिले. निघावं की थांबावं ते कळेना. मग डबा ठेवायला जागा करावी म्हणून मी थैलीतले कागद बाहेर काढले आणि थानेदारांची प्रत टेबलावर पडली. बाबूंनी ती उचलली. ही उर्दूत लिहिलेली होती, त्यामुळे त्यांनी ती सरसर वाचली. मग परत वाचली.

"एक लाइन," ते म्हणाले. "दोनों नाम. मोहर." त्यांनी मोहरेवर अंगठा फिरवून बघितला. "बीबी, बैठ जा."

त्या ऑफिसात मला कुणी बस म्हणायची ती पहिली वेळ. त्यांनी दाखला मला परत दिला, घरी नीट ठेवा म्हणाले, आणि थैलीचा कागद फाइलला लावला. लावता लावता त्यांचा हात थांबला.

"मेरी घरवाली का नाम भी मेरी मां ने बदला था," ते म्हणाले. "पैंतीस साल हो गए. मैंने फॉर्म में कौन सा लिखा है?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी मान हलवली. त्यांनी शेजारच्या कपाटाकडे बघितलं. तिथं त्यांची स्वतःची फाइल असावी. मी निघाले तेव्हा ते कपाटाची किल्ली शोधत होते.

घरी मालक दारातच खुर्ची टाकून बसले होते. सतरा सेक्टरात बॉम्ब सापडला अशी बातमी मनीमाजऱ्यात माझ्या आधी पोचली होती.

"बॉम्ब सापडला म्हणं?" त्यांनी विचारलं.

"थैली होती," मी म्हणाले.

"कुणाची?"

"आपलीच."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा पाणी मागितलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, आपने पुलिस से बात की? आपने?" मालक म्हणाले, "तिनं न्हाय, दुसरीनं केली असंल." त्यानंतर घरात मी कधी नको ते बोलले की ते असंच म्हणायचे.

नवं पुस्तक पावसाळ्यात आलं. फोटो चिकटवलेला, त्यावर अर्धी मोहर, खाली पत्नीचं नाव. पहिलं, उर्फ, दुसरं. बसस्टँडवरच्या फोटोंसारखंच दिसत होतं. मालकांनी ते मला वाचायला लावलं, मोठ्यानं. मी वाचलं. त्यांनी पुस्तक उशीखाली ठेवलं आणि त्या दिवसापासून दुपारी झोपू लागले.

ते आणखी सहा वर्षं होते. गेले तेव्हा पंजाबात शांत होऊन बराच काळ झाला होता. मी बँकेत ते पुस्तक आणि मृत्यूचा दाखला नेला. कुणी काही विचारलं नाही. मी तयारी करून गेले होते, पण उपयोग झाला नाही.

आता दर नोव्हेंबरात मी हयात आहे हे सांगायला बँकेत जाते. खिडकीवरची मुलगी पुस्तक उघडते, नावं वाचते. गेल्या वर्षी नवीन होती. तिनं पुन्हा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि गमतीनं म्हणाली, "माताजी, दोनों ज़िंदा हैं ना?"

"हां जी," मी म्हणाले, "दोनों." आणि दोघींच्या सह्या करून दिल्या.